पडद्यावरील खेळ आणि शिक्षण

ज्या प्रश्नांवर घरोघरीं रोज वाद होतो ते प्रश्न बहुधा नीट मांडलेलेच नसतात. व्हिडिओ गेम या नांवानें सर्वतोमुखीं झालेल्या पडद्यावरील खेळांविषयींचा वाद याच जातीचा आहे. एक पक्ष म्हणतो, हे खेळ म्हणजे मुलांच्या आयुष्याची राखरांगोळी. दुसरा म्हणतो, काळ बदलला. आतां मुलें खेळतां खेळतांच शिकणार. पहिला पक्ष मुलाच्या हातांतला फोन हिसकावून घेतो. दुसरा शिक्षणाची पाटी लावलेला एखादा खेळ पैसे मोजून विकत घेतो. आणि दोघेही आपलें कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानांत आपापल्या कामाला लागतात. त्या खेळानें मुलाच्या मनांत नेमकें काय पेरलें हें पाहण्याची तसदी मात्र दोघांपैकीं कोणीच घेत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही एवढाच प्रश्न विचारणार आहों: पडद्यावरचा खेळ खेळणाऱ्यास शिक्षण देऊं शकतो काय, आणि देत असल्यास तें कोणतें?

हा प्रश्न पुण्याच्या पेठांत उभे राहून न विचारतां दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथें उभे राहून विचारावा, असें आम्हांस वाटतें. पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या महामार्गावरील हें गांव. फिरंगाई देवीचें ठाणें ही त्याची जुनी ओळख. रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत ही नवी. या वसाहतींत पाळ्यांवर कामें चालतात. बाप रात्रपाळीला असला कीं दिवसा झोंपलेला, आई कामांत, आणि हाताशीं रिकामा असलेला एकच सोबती म्हणजे फोन. टपरीच्या बांकावर एका फोनभोंवतीं चार डोकीं गोळा झालेलीं कोणत्याही संध्याकाळीं दिसावींत. सुशिक्षित घरांतील मुलास पडद्याखेरीज पुस्तकें असतात, शिकवण्या असतात, प्रश्न विचारणारे आजोबा असतात. म्हणून तेथें खेळानें शिकविलें काय अथवा न शिकविलें काय, फारसें अडत नाहीं. जेथें दुसरीं साधनें तोकडीं आहेत तेथेंच या प्रश्नाला धार येते. खेळांत खरोखरच शिक्षण असेल तर त्याची सर्वांत अधिक गरज कुरकुंभच्या मुलास आहे. आणि तें सोंग असेल तर त्याची सर्वांत मोठी किंमतही तोच मोजणार आहे.

खेळांतून शिक्षण ही कल्पना यंत्रांबरोबर जन्मास आलेली नाहीं. प्लेटोनें आपल्या ‘लॉज’ या ग्रंथांत असें मत मांडलें आहे कीं, ज्याला पुढें घरें बांधावयाचीं आहेत त्यानें लहानपणीं घरें बांधण्याचा खेळ खेळावा, व ज्याला शेती करावयाची आहे त्यानें शेतीचा. जर्मनींत फ्रोबेलनें गेल्याच्या आधल्या शतकांत चेंडू, घन आणि नळकांड्या मुलांच्या हातीं देऊन त्यांतूनच बालशिक्षणाची उभारणी केली. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें जें केंद्र काढलें, तेथें खेडुतांच्या मुलांपर्यंत हाच विचार नेऊन पोंचविला. परंतु याच्या जोडीनें खेळाविषयींचें भयही तितकेंच जुनें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त हा जुगारी माणसाचा विलाप आहे. फांसे टाकूं नकोस, शेत कर, असा उपदेश त्यांत आहे. तेव्हां आजच्या घरांतील दोन्ही पक्षांना पूर्वज आहेत, आणि ते दोन्हीही आदरणीय आहेत. हा वाद पूर्वजांच्या साक्षीनें मिटणारा नाहीं. त्यासाठीं ‘शिक्षण’ या शब्दाचीच फोड केली पाहिजे.

आमच्या मतें या एका शब्दांत तीन वस्तु एकत्र बांधलेल्या असतात. पहिली कौशल्य, म्हणजे हात, डोळा व बुद्धि यांची चपळाई. दुसरी ज्ञान, म्हणजे जग कोणत्या नियमांनीं चालतें याची समज. तिसरी शील, म्हणजे आपल्या कृत्याचा भार आपण उचलण्याची तयारी. खेळाचे वकील पहिल्या वस्तूचा पुरावा देऊन तिसरीचा निकाल मागतात, आणि त्याचे वैरी तिसरीचा अभाव दाखवून पहिलीही नाकारतात. म्हणून या तिहींचा विचार निरनिराळा करूं.

कौशल्याबद्दल वाद घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. २००३ सालीं ग्रीन व बॅव्हेलियर या अमेरिकेंतील दोघा संशोधकांनीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत असें दाखवून दिलें कीं, धांवपळीचे व नेमबाजीचे पडद्यावरील खेळ खेळणाऱ्यांची नजर एकाच वेळीं अधिक वस्तूंवर लक्ष ठेवूं शकते, आणि न खेळणाऱ्यांनाही थोड्या सरावानें ही शक्ति येते. हा लाभ खरा आहे. परंतु तो कितपत पसरतो? येथें बुद्धिबळाचें उदाहरण उद्बोधक आहे. बुद्धिबळानें बुद्धि वाढते, गणित सुधारतें, असें आपण पिढ्यान् पिढ्या मानीत आलों. इंग्लंडांत शंभर प्राथमिक शाळा घेऊन ही समजूत तपासण्यांत आली, व २०१६ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षानंतर बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणितांत इतरांहून कांहींच फरक आढळला नाहीं. बुद्धिबळाची थोरवी यानें कमी होत नाहीं. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलैंत महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली, तेव्हां सबंध महाराष्ट्राला धन्यता वाटली ती तिचें गणित सुधारलें म्हणून नव्हे. तात्पर्य, खेळ ज्याचा सराव करवितो तेंच शिकवितो. त्या कौशल्याचें बीं दुसऱ्या शेतांत आपोआप उगवत नाहीं. कोणीतरी तें नेऊन पेरावें लागतें.

ज्ञानाचा प्रश्न याहून खोल आहे, आणि पडद्यावरच्या खेळाचें खरें सामर्थ्य येथेंच आहे असें आम्ही मानतों. पुस्तक नियम सांगतें. खेळ नियमाखालीं राहावयास लावतो. १९७१ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरांत एका शिकाऊ शिक्षकानें इतिहासाच्या तासासाठीं दोघा मित्रांच्या साहाय्यानें ‘ऑरेगन ट्रेल’ नांवाचा खेळ रचला. त्या वेळीं वर्गांत पडदाही नव्हता. यंत्र कागदावर मजकूर छापी आणि मुलें उत्तर टंकलिखित करीत. पश्चिमेकडे बैलगाड्यांनीं निघालेल्या कुटुंबानें किती धान्य घ्यावें, किती काडतुसें घ्यावींत, आजारी माणसासाठीं थांबावें कीं पुढें जावें, असे प्रश्न त्यांत होते. टंचाई म्हणजे काय हें त्या मुलांना व्याख्येवरून कळलें नसतें तें एका चुकलेल्या हिशेबानें कळलें. याहून नवलाची गोष्ट २०११ सालची. प्रथिनांच्या घड्या उलगडण्याचा ‘फोल्डइट’ नांवाचा खेळ वॉशिंग्टन विद्यापीठानें काढला होता. माकडांना होणाऱ्या एड्ससारख्या रोगाच्या विषाणूंतील एका प्रथिनाची रचना शास्त्रज्ञांना दहाहून अधिक वर्षें उकलत नव्हती. ती या खेळाडूंनीं तीन आठवड्यांच्या आंत उकलली. त्यांपैकीं पुष्कळांना त्या शास्त्राचें रीतसर शिक्षण नव्हतें. हें पाहिल्यावर, पडद्यावरचा खेळ ज्ञान देऊंच शकत नाहीं, असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये.

परंतु फोल्डइटमध्यें निसर्गाचे नियम होते, म्हणून तेथें निसर्ग उलगडला. जेथें खेळाचे नियम माणसानें आपल्या समजुतीप्रमाणें घातलेले असतात, तेथें खेळाडू जग शिकत नाहीं; तो रचणाऱ्याची समजूत शिकतो, आणि तिलाच जग मानूं लागतो. १९८९ सालीं विल राइट या अमेरिकनानें ‘सिमसिटी’ हा शहर वसविण्याचा खेळ प्रसिद्ध केला. जे फॉरेस्टर नांवाच्या विद्वानानें १९६९ सालीं शहरांच्या वाढीविषयीं जीं गृहीतें मांडलीं होतीं, त्यांपासून राइटनें स्फूर्ति घेतली. खेळाडूनें घरें, दुकानें व कारखाने यांच्या जागा ठरवावयाच्या, कर बसवावयाचा, रस्ते आंखावयाचे. करांचा बोजा वाढला कीं रहिवासी निघून जातात. कारखान्याजवळ प्रदूषण पसरून जागेची किंमत उतरते. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकांपेक्षां या खेळांत शहराचा संसार शतपटीनें जिवंत आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. मात्र त्या खेळांतील एक युक्ति मुरलेल्या खेळाडूंना लवकरच सांपडते. कारखाने नकाशाच्या अगदीं कडेला नेऊन ठेवावे. म्हणजे प्रदूषणाचा बराचसा भाग कडेपलीकडे जातो, आणि कडेपलीकडे खेळाच्या हिशेबीं कांहींच नसतें.

वाचकहो, आम्ही कुरकुंभला कां आलों हें आतां ध्यानांत येईल. पुण्याच्या नकाशाची कड म्हणजे कुरकुंभ. खेळांत जेथें हिशेब संपतो तेथें प्रत्यक्षांत विहिरी आहेत, उंसाचे मळे आहेत, गुरें आहेत, आणि देवीच्या यात्रेला जमणारीं माणसें आहेत. रासायनिक सांडपाणी व हवेंतील उग्र वास यांविषयीं या परिसरांतील ग्रामस्थांनीं वेळोवेळीं तक्रारी केल्या आहेत. पडद्यावर प्रदूषण हा एक डाग असतो, व आंकडा सुधारला कीं तो निघून जातो. विहिरींतला डाग असा जात नाहीं. आम्ही असें मुळींच म्हणत नाहीं कीं, हा खेळ खेळल्यामुळें कोणीं कारखाने तालुक्याला आणले. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तो खेळ शंभर वेळां जिंकणाऱ्या पुण्याच्या मुलाला ‘कडेपलीकडे कोण राहतें?’ हा प्रश्न खेळ कधींही विचारणार नाहीं, कारण रचणाऱ्यानें तो घातलेलाच नाहीं. तसेंच ऑरेगन ट्रेल खेळणारें मूल गाडींत बसलेल्या प्रवाशाच्या नजरेनें वाट पाहतें. त्या वाटेवरच्या जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्या जागीं बसण्याची संधि त्याला मिळत नाहीं. खेळांत जें आहे तें खेळ उत्तम शिकवितो. जें नाहीं तें नसतेंच, असेंही तो तितकेंच उत्तम शिकवितो; आणि या दुसऱ्या धड्याची जाणीव शिकणाराला होत नाहीं.

हा केवळ तर्क नव्हे. १९७९ च्या मार्चांत अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुविद्युत्केंद्रांत मोठा अपघात झाला. तेथील चालकांनीं सरावयंत्रावर, म्हणजे खऱ्या कारखान्याच्या प्रतिकृतीवर, शिक्षण घेतलेलें होतें. एका विशिष्ट टाकींत पाणी कांठोकांठ भरूं द्यावयाचें नाहीं, हा नियम त्यांच्या अंगीं मुरलेला होता. त्या दिवशीं एक झडप उघडी राहून पाणी निघून जात होतें, आणि टाकी भरलेली भासत होती. चालकांनीं मुरलेला नियम पाळला व यंत्रानें आपण होऊन चालूं केलेला थंड पाण्याचा पुरवठा आंखडता घेतला. गाभा वितळूं लागला. पुढें चौकशींत दिसून आलें कीं, तसा प्रसंग सरावयंत्रांत घातलेलाच नव्हता. येथें खेळानें शिकविलें नाहीं असें नाहीं. त्यानें जें शिकविलें तें फार चांगलें शिकविलें, आणि अनर्थ त्यांतूनच ओढवला. अर्थात् यावर उपाय म्हणून सरावयंत्रें मोडून टाकण्यांत आलीं नाहींत. तीं सुधारण्यांत आलीं, आणि नियम पाळण्याबरोबर नियम केव्हां लागूं पडत नाहीं हें शिकविण्याकडे लक्ष गेलें.

आतां शील. पडद्यावरच्या खेळांत खेळाडूला तीन जीव मिळतात, पांच मिळतात, आणि ते संपले तर आरंभ पुनः करतां येतो. या एका गोष्टीवर टीकाकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. परंतु तिची चांगली बाजू आधीं सांगणें न्यायाचें होईल. आमच्या शाळांत चुकणें हा अपराध आहे. फळ्यावर उत्तर चुकलें कीं वर्ग हंसतो, आणि परीक्षेंत चुकलें तर वर्ष जातें. मुलाला न रागावतां, न कंटाळतां, दोनशें वेळां चुकूं देणारा गुरु या देशांत पडद्याखेरीज दुसरा आम्हीं पाहिलेला नाहीं. भीति गेली कीं धिटाई येते, आणि धिटाईवांचून विद्या येत नाहीं. अभ्यासांत मागें पडलेला मुलगा खेळांत तासन् तास चिकाटीनें एकाच अडचणीशीं झुंजतो, याचें आश्चर्य करण्यापेक्षां शाळेनें त्याच्यापासून धडा घ्यावा.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती कुरकुंभसारख्या ठिकाणीं उघडी पडते. २०१९ च्या ऑगस्टांत येथील एका रासायनिक कारखान्यास मोठी आग लागली, व भयभीत झालेलीं माणसें रात्रीं घराबाहेर पडलीं. अशा ठिकाणीं कामावर असलेला मनुष्य भांड्यांतील उष्णतामान आणि दाब यांचे कांटे पाहत असतो. कांहीं रासायनिक क्रिया अशा असतात कीं, एका मर्यादेपलीकडे उष्णता वाढली म्हणजे क्रियाच अधिक उष्णता निर्माण करते आणि ती उष्णता क्रियेला अधिक वेग देते; मग तिला आवरणें माणसाच्या हातीं राहत नाहीं. त्या मर्यादेच्या अलीकडे सर्व कांहीं परत फिरवितां येतें, पलीकडे कांहींच येत नाहीं. हें ‘परत न फिरणें’ ज्याला मनांतून कळलें आहे त्यालाच आम्ही शीलवान् म्हणूं. कारण दिलेला शब्द, मोडलेला विश्वास, दुखावलेलें मन, या सर्वांनाही अशीच एक मर्यादा असते. ज्या खेळांत प्रत्येक पाऊल परत घेतां येतें तो खेळ ही जाणीव स्वतः होऊन देऊं शकत नाहीं. तो तिची तालीम देईल, नाटक दाखवील. प्रत्यक्ष भार मात्र त्याला उचलतां येत नाहीं.

मग काय, शीलाच्या बाबतींत खेळ निरुपयोगी समजावा? आमच्याच घरांतील एका जुन्या खेळाचा इतिहास याचें उत्तर देतो. आज मुलें जिला सापशिडी म्हणतात तिचें पूर्वीचें एक रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचें जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. इतिहासाच्या दृष्टीनें तें सिद्ध झालेलें नाहीं, पण महाराष्ट्रांत असे पट खेळले जात हें हस्तलिखित पटांवरून निश्चित आहे. कवड्या टाकून सोंगटी पुढें न्यावयाची. घराघरांत नांवें लिहिलेलीं: येथें दया, येथें लोभ, येथें मत्सर, येथें भक्ति. सद्गुणाच्या घरीं शिडी, दुर्गुणाच्या घरीं साप, आणि शेवटीं मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला. तेथें आरंभीं गुणदुर्गुणांचीं चित्रें होतीं. हळूहळू तीं गळालीं. आज दुकानांत मिळणाऱ्या पटावर एकपासून शंभरपर्यंतचे आंकडे तेवढे उरले आहेत. साप तोच आहे, शिडी तीच आहे, पडण्याचें दुःख आणि चढण्याचा हर्षही तोच आहे. खेळाचें यंत्र जसेंच्या तसें शाबूत असून त्यांतील शिक्षण मात्र नाहींसें झालें आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिकवीत होता तो साप नव्हे. शिकवीत होतें तें सापाच्या तोंडाशीं लिहिलेलें नांव, आणि त्याहीपेक्षां तें नांव मोठ्यानें वाचून ‘कां रे पडलास?’ असें विचारणारें माणूस. कवडीचें दान कोणाच्या हातीं नसतें. लोभाच्या घरांत सोंगटी गेली म्हणून खेळणारा लोभी ठरत नाहीं. तो घसरतो तेव्हां त्याला कांहीं कळतें तें पटाभोंवतीं बसलेल्यांच्या बोलण्यांतून. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ च्या सुमारास जो युद्धखेळ रूढ झाला त्यांतही हेंच दिसतें. नकाशावर ठोकळे हालवून अधिकारी लढाया खेळत. पण पटाशेजारीं पंच बसलेला असे, निकाल तो देई, आणि खेळ संपल्यावर कोणती चाल कां फसली याची चर्चा होई. पंच आणि चर्चा काढून टाका. मागें राहतील ते नुसते ठोकळे.

नलराजाची कथाही आम्हांस या दृष्टीनें फार अर्थपूर्ण वाटते. द्यूतांत राज्य घालवून बसलेला नल ऋतुपर्णाचा सारथी होतो. वाटेंत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें नुसत्या नजरेनें मोजून दाखवितो. नल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं. तो रथ थांबवितो, खालीं उतरतो, आणि झाडाचीं फळें स्वतः मोजून पाहतो. मगच तो अक्षविद्या मागून घेतो. ज्या खेळानें त्याला गिळलें होतें त्या खेळाचें मर्म त्याच्या हातीं आलें तें फांसे टाकून नव्हे, तर रथांतून उतरून. आणि पुढें त्याच विद्येनें राज्य परत जिंकल्यावर हरलेल्या पुष्कराला तो क्षमा करतो. ही क्षमा मात्र अक्षविद्येंत नव्हती. ती त्यानें वनवासांत कमावली होती.

पडद्यावरच्या खेळांतून रथाखालीं उतरविण्याचें काम कोण करणार? सरकार करील अशी कित्येकांची आशा असते. २०२० च्या सप्टेंबरांत पब्जी या अतिशय लोकप्रिय खेळावर केंद्र सरकारनें बंदी घातली, ती मुलांच्या शिक्षणासाठीं नव्हे तर देशाच्या सुरक्षिततेच्या कारणासाठीं. आणि पुढल्याच वर्षीं तो खेळ भारतापुरतें नवें नांव घेऊन परत आला. २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें जो कायदा केला त्यानें पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, व करमणुकीच्या आणि शिक्षणाच्या खेळांना उत्तेजन देण्याचें धोरण स्वीकारलें. हा भेद योग्यच आहे; अक्षसूक्ताच्या कर्त्यालाही तो मान्य झाला असता. परंतु कायदा वाईट खेळ बंद करूं शकतो; चांगल्या खेळाचें शिक्षणांत रूपांतर करूं शकत नाहीं. खेळ रचणाऱ्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. पुण्यांतील तरुणांनीं रचलेला ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं जगभर गेला. त्यांत भिंतींवरील चित्रांतून देवतांच्या कथा सांगितल्या आहेत, आणि एक लहान मुलगी आपल्या भावाला सोडविण्यासाठीं लढते. आपल्या मातीचें कथाधन पडद्यावर शोभतें हें त्यानें सिद्ध केलें. पण कितीही कुशल रचनाकार असला तरी तो घरावर नांव लिहूं शकेल. तें मोठ्यानें वाचावयास तो प्रत्येकाच्या शेजारीं येऊन बसणार नाहीं.

तें काम शेजारच्या माणसाचें आहे. येथें सुशिक्षित वाचक खेदानें म्हणेल कीं, कुरकुंभच्या मुलाजवळ असें माणूस कोठून असणार? आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. त्या घरांत असा एक मनुष्य आहे कीं ज्याला खेळाची भाषा येत नसेल, पण खेळांत जें नाहीं तें त्याच्याइतकें आम्हां प्राध्यापकांपैकीं कोणालाच ठाऊक नाहीं. रात्रभर दाबाच्या कांट्यावर डोळा ठेवून सकाळीं घरीं आलेल्या बापाला, एकच जीव असणें म्हणजे काय, हें कोणी शिकवावयास नको. त्यानें मुलाशेजारीं दहा मिनिटें बसावें. ‘तूं पडलास तो कोणत्या चुकीनें? पुनः उठलास तो कोणाच्या जोरावर? हा नियम कोणीं केला? आणि आमच्या कारखान्यांत असा नियम चालेल काय?’ इतकें विचारावें. मुलगा त्याला खेळ समजावून देईल, बाप त्याला जग समजावून देईल. त्या दहा मिनिटांत जें होईल तें शिक्षण; त्याच्या आधींचे दोन तास हा त्या शिक्षणाचा कच्चा माल. अशा बापाला ती दहा मिनिटें मिळावींत इतकी उसंत त्याच्या पाळीनें त्याला द्यावी, हा प्रश्न खेळाचा नसून समाजाचा आहे; आणि मुलांच्या फोनवर खापर फोडून आपण तो टाळीत आलों आहों.

तेव्हां मूळ प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. पडद्यावरचा खेळ कौशल्य देतो, पण तें अरुंद असतें. तो ज्ञान देतो, पण रचणाऱ्यानें घातलें असेल तेवढेंच. शीलाची तो फार तर संधि देतो. या तिहींना जोडून त्यांतून मनुष्य घडविण्याची शक्ति त्याच्यांत नाहीं. पण खरें सांगावयाचें तर ती शक्ति पुस्तकांतही नाहीं, आणि वर्गाच्या चार भिंतींतही नाहीं. ती एका माणसानें दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नांत आहे. ज्या घरांत हा प्रश्न विचारला जातो तेथें खेळाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. जेथें तो विचारला जात नाहीं तेथें शिक्षणाची पाटी लावलेला महागांतला महाग खेळही आंकडे उरलेल्या सापशिडीसारखाच. सापाचें नांव पुसलें गेलें म्हणून साप गिळावयाचा थांबत नाहीं. आपण कशानें गिळले गेलों, एवढेंच गिळलेल्याला कळत नाहीं.